सहादेवचा न धुतलेला सदरा

मी, छबूबाई कोंडाजी गाडेकर, वय साठीच्या आसपास, शिक्षण दुसरी, धंदा शेती व घरकाम, राहणार राहाता, तालुका कोपरगाव. आज दि. १६ सप्टेंबर १९७१ रोजी ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

मला सहादेव हा एकच मुलगा. त्याला आठ दिवसांपूर्वी मुलगा झाला. नातवाचे कान थेट आजोबांचे आहेत. जावळ तर असे की हवालदारसाहेबांनी येऊन बघावे. हे जबाबात नको असे साहेब म्हणतात, पण यातच सगळे आहे. ज्याच्या पाळण्यात असे पोर, तो विष पीत नसतो.

सहादेव घरी भांडून फवारणीचे औषध प्यायला, अशी वर्दी दुकानदार आसाराम याने दिली आहे. भांडण झालेच नाही. परवा सकाळी सहादेव कपाशीवर फवारणीला गेला. पाठीवरचा पंप आसारामच्याच दुकानातला, तळाला गळका. तो मी आदल्या दिवशीच दाखवला, तेव्हा हे विद्वान म्हणाले, "आजीबाई, हे किडीला मारतं, मानसाला न्हाई. दुधावानी हाय. अंगावर सांडलं तर काय हुतंय?" त्यांच्या दुकानात विजेचा पंखा आहे, म्हणून त्यांना जास्त कळते.

दुपारी तीनला सहादेव भिजल्या पाठीने घरी आला व बाळाला घेतो म्हणाला. सोयर फिटेपर्यंत दहा दिवस बापाने पोराला शिवायचे नाही ही आमची रीत, म्हणून मी दारातच अडवले. तिथेच तो खाली बसला. तोंडाला लाळ, घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर म्हणाले, हे कातडीतून रक्तात उतरते, अंगातल्या बारीक पेशींना आणि नसांना धरते, प्यावे लागत नाही. काल त्याने पेज घेतली. जीव द्यायला निघाला होता असा गुन्हा धरून दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसवलेला शिपाई उठवावा.

सदरा मी धुतलेला नाही. आज काठीच्या टोकावर धरून इथे आणला. आसाराम बाकावर बसला होता. मी सदरा पुढे केला व म्हणाले, "आसारामशेठ, दुधावानी हाय न्हवं? मग घाला की जरा अंगात." तो बाक सोडून थेट पायरीखाली गेला आणि तिथून "लांब धरा, लांब धरा" म्हणत राहिला. हे हवालदारसाहेबांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढे लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे, फक्त जावळाचे कमी लिहिले आहे.

सही : छबूबाई