अनोळखी ऑप्शन आणि इंदूबाईंची गाणी

…आणि एवढं करून म्हणतो काय, तर ओळखत नाही म्हणे! तुम्हाला सांगतो, मी गणितातला पीएच.डी., जन्मभर कॉलेजात शिकवलं, आणि आमच्या किहीमच्या विहारातला कॉम्प्युटर मलाच सांगतो, तुमचा ऑप्शन मी ओळखत नाही, सबब काहीच जोडणार नाही! अहो, काम केवढंसं? आमच्या आळीतल्या इंदूबाईंची भीमगीतं लावायची. नव्वदीत त्यांचा गाता गळा गेला, पण मी पूर्वी रेकॉर्ड केलेली एकुलती एक प्रत वाचनालयातल्या डिस्कवर आहे. ती नेटवर्कवरून हॉलच्या कॉम्प्युटरला जोडायची, माउंट करायची, की लागली गाणी! सतरंजीवर अख्खी आळी बसलेली, इंदूबाई पुढच्या खुर्चीत, आणि हा… ओळखत नाही म्हणे!

माउंटची ओळ, म्हणजे जोडण्याचा हुकूम, मी जुन्या कॉम्प्युटरवरून या नव्यावर जशीच्या तशी उतरवलेली. तिच्यात ऑप्शन, म्हणजे जादा सूचना, किती! मी मांडव्याला बोट पकडायला निघालो तरी ऐन मेमध्ये छत्री आणि स्वेटर घेणारा माणूस. जिथे जो ऑप्शन वाचला तो घातला, असू दे, लागेल! त्यातला एक याला पटेना. कुठला? ते नाही सांगत! अहो, वऱ्हाडात एक अनोळखी निघाला म्हणून नवरदेवासकट सगळ्यांना परत धाडता का?

पुतणीला फोन लावला. रचना, नवी मुंबईत हेच काम करते. ‘काका, चिल! एक स्विच आहे, तो त्याच ओळीत टाइप करा. जे ओळखत नाही ते गुपचूप सोडून देतो.’ लावला. झालं की माउंट! टाळ्या! पण सोडून दिलं ते नेमकं काय? एक रिकामी फाइल बनवून पाहिली. बनली! बनायला नको होती हो! म्हणजे ‘फक्त वाचा, बदलू नका’ हाच तो ऑप्शन. नव्या मशीनवर त्याचं नावच निराळं. वऱ्हाड आत आणि राखणदार बाहेर!

आणि माउसवर कोण? सुजित साउंडवाला! ‘सर, डिस्क फुल झालीय. जुनं जुनं उडवू का?’

‘हात काढ!’ असा ओरडलो की पुढची पोरं रडायला लागली. सगळ्यांदेखत डिस्क सोडवली. मागून आमच्या सौ. म्हणतात, ‘अहो, लागलं होतं ना, कशाला काढलंत?’ मलाही वाटलं, कशाला? चुकतोय का मी? चुकत असेन, पण हलणार नाही! स्विच काढला. एकेका ऑप्शनला विचारलं, बाबा रे, तू कशाला? खरं सांगू? निम्मे मीही ओळखत नव्हतो! काढले. राखणदाराला नव्या नावानं आत घेतला. माउंट! पुन्हा रिकामी फाइल… बनत नाही म्हणे! नकार ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

गाणं लागलं. काय आवाज! इंदूबाई मान डोलावतायत. मी वाकून विचारलं, ‘मावशी, कसं वाटतं?’

‘झकास! कोन बाय ही?’

‘अहो, तुम्हीच!’

‘मी? न्हाय बा, मी न्हाय वलखत हिला. पन गाऊ दे, थांबवू नको तिला.’

ओळखत नाही म्हणे!… बसलो तिथेच सतरंजीवर. यांना कुठला स्विच लावू?