भास म्हणायचं का याला?

"हे गेले, तरी यांचा खोकला ऐकू येतो. याला भास म्हणायचं का रे? शब्दकोश करणारा ना तू?" ताईने पत्रात विचारलं होतं. नेमका अर्थ जुळवण्यात अण्णांचं वर्ष गेलं, उत्तर राहिलंच.

आज पोस्टाच्या रांगेत पुढे दोघी जावा उभ्या होत्या.

"सासूबाई अजून मामंजींशी बोलतात?"

"रोज. डॉक्टर म्हणाले, भास आहे."

"मग तू काय करतेस?"

"विचारते, आज काय म्हणाले मामंजी?"

"त्यांच्या नादाने तूही वेडी होशील."

"अहो जाऊबाई, खरं नाही हे त्यांनाही कळतं. विचारणारं कुणीतरी हवं असतं, एवढंच."

अण्णांनी कार्ड घेतलं, उभ्याउभ्याच लिहिलं, "ताई, फार उशीर केला. खोकून झाल्यावर भाऊजी काही बोलतात का गं?" आणि पेटीत टाकलं.