तिसऱ्या अंकातली विहीर

धुरपता : म्हून म्हनते मास्तर, उडी मारली हे खरं. मेली हे खोटं.

वासुदेवराव : थांबा बाई. सकाळी सकाळी दार वाजवलंत आणि थेट माझ्या तिसऱ्या अंकात शिरलात. आधी तुम्ही कोण ते सांगा.

धुरपता : मी धुरपता. सिंदीजवळची. तुमच्या नाटकातली द्रौपदी शेवटी विहिरीत जीव देते ना, ते मी. हे माहे मालक, लहानू.

लहानू : जयभीम मास्तर.

वासुदेवराव : जयभीम. बसा. म्हणजे तुम्ही... जिवंत आहात?

लहानू : पंधरा वर्सं झाले लग्नाले. मले तं जिवंतच वाटते.

धुरपता : माही बहीन इथं हिंगणघाटले कापसाच्या जिनात कामाले हाय. तिच्याकडे आलतो. काल तिच्यासंगं तुमचा खेळ पाह्यला. लय रडली मी. बाजूची बाई मले म्हने, 'खरी गोष्ट होय माय हे. सिंदीकडची धुरपता होती, गेली बिचारी.' माहं रडनं तिथंच आटलं. अन् हे पानठेल्यावर उभं राहून लोकायले सांगत, माह्या बायकोचा खेळ हाय म्हून. तं बायको मेली समजून एका मानसानं यायले आपली साळी सांगतली लग्नाले.

लहानू : मी म्हटलं, घरी इचारून सांगतो.

वासुदेवराव : अहो, पण मला ही हकीकत गाडीत एका गृहस्थांनी सांगितली. म्हणाले, पाटलानं तुम्हा लोकांना विहिरीवर येऊ दिलं नाही, आणि एक दिवस धुरपतानं साऱ्या गावादेखत त्याच विहिरीत उडी घेतली.

धुरपता : मंग?

वासुदेवराव : मग त्यांचं स्टेशन आलं. ते उतरले.

लहानू : अन् पुढचं तुमी लिवलं.

वासुदेवराव : पुढचं मला दिसलं. लेखकाला दिसतं ते.

धुरपता : दिसलं ना. मी मरीमायले हात जोडले, पदर कमरेले खोचला, अन् गेली. मास्तर, मरीमाय मी नागपूरलेच सोडून आली, दीक्षा घेतली तवा. अन् माह्या मढ्यावर पडून पाटील रडते, विहीर सगळ्यायले खुली करते. हे कोनी पाह्यलं?

वासुदेवराव : बरं, मग झालं काय होतं? तुम्हीच सांगा.

धुरपता : दीक्षेच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या विहिरीले पानी नाई, अन् गावच्या विहिरीवर पाटील येऊ देईना. कायदा झाला म्हटलं तं म्हने, कायदा दिल्लीत हाय, विहीर इथं हाय. एक दिवस आमचे लेकरं काठावर गेले, तं वाकून वाकून शिव्या देल्ल्या त्यानं. अन् त्या शिव्यायसंगं त्याचे दात पडले विहिरीत.

वासुदेवराव : दात?

लहानू : कवळी. नवी होती. नागपूरहून करून आनली होती.

धुरपता : दुसऱ्या दिवशी तहसीलदार येनार गावात. पाटलाचं भाषन. अन् तोंडात एक दात नाई. बाकीचे म्हनत, विहिरीत साप हाय. माहं माहेर धाम नदीच्या काठचं, मी लहानपनापासून पोहते, हे पूर्ण गावाले ठाऊक. भर दुपारी पाटील आमच्या दारात. काय बोले ते समजे नाई. एकदा तोंडावर हात ठेवे, एकदा विहिरीकडे दाखवे.

लहानू : मले वाटलं तहान लागली त्याले. मी लोटा पुढं केला.

वासुदेवराव : घेतला का?

लहानू : डोळे काढले माह्यावर.

धुरपता : मी म्हटलं, काढते दात. पन पूर्ण गाव काठावर पाह्यजे, अन् माह्या संगं माही घागर येईन. त्यानं मान हालवली. सगळ्यायनं पाह्यली. मंग मारली उडी. पयल्या बुडीत गाळ. दुसऱ्या बुडीत कोनाचा तरी लोटा. तिसऱ्या बुडीत खाली पाटील हसून राह्यला होता.

वासुदेवराव : बाई, मला हसवू नका. माझी शोकांतिका आहे.

धुरपता : वर आली ते पयले घागर भरून देल्ली यायच्या हातात. मंग दात देल्ले. पाटलानं त्याच पान्यानं धुतले, अन् घातले तोंडात. आता सांगा, माह्या हातानं बाटलेलं पानी असंन, तं ते त्याच्या तोंडातच हाय ना? दुसऱ्या दिवशी सगळ्या आयाबाया घागरी घेऊन गेलो. काई बोलला नाई.

लहानू : बोलन कसा, दात बसवलेले होते.

वासुदेवराव : गोष्ट नामी आहे. पण रंगभूमीवर कवळी? करुणरसाचं काय होईल? द्रौपदी करणारे बंडूजी पोस्टातलं काम सांभाळून महिनाभर मरायचा सराव करताहेत. काल किती सुंदर मेले.

धुरपता : चांगलंच मेले. पन पंधरा दिसानं तुमी आमच्या गावात खेळ करनार ना? पाटलानंच बोलावलं तुमाले.

वासुदेवराव : हो. मांडव त्यांचा, पडदे त्यांचे. पाटलाचा पश्चात्ताप आहे म्हणून तर आवडलं त्यांना.

धुरपता : मंग आयका. तुमचा खेळ आमच्या लेकरायनं पाह्यला तं ते काय समजतीन? का पानी पाटलाच्या रडन्यानं भेटलं. अन् धा वर्सानं लेकरं तेच सांगतीन, काऊन का नाटकात पाह्यलं. मी तं तोवर मरूनच जाईन खरी.

वासुदेवराव : पण पाटील मांडव उपटून नेतील.

धुरपता : नाई नेनार. त्यायले पयली खुर्ची द्या. पयल्या खुर्चीवरचा मानूस मधातून उठत नाई, मागून पूर्ण गाव पाह्यते. भेव लागत असंन तं सांगा तसं.

वासुदेवराव : भीती वाटतेच. मी शाळामास्तर आहे, बाई. बदलीचं पत्र यायला कितीसा वेळ लागतो.

धुरपता : मले बी भेव लागलं होतं. विहीर खोल होती.

वासुदेवराव : ...लहानूजी, तो टाक आणि दौत द्या इकडे. पहिल्या बुडीत गाळ म्हणालात ना?

[पंधरवड्यानंतर. गावात दुपारी प्रयोग झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी लहानूच्या ओसरीत.]

वासुदेवराव : चहा राहू द्या, आधी सांगा. काल मी पडद्यामागे होतो. बंडूजींनी कवळी वर धरली आणि मांडव हसण्यानं हलला. मग एकदम चिडीचूप. काय झालं?

लहानू : पाटील उभा राह्यला.

वासुदेवराव : अरे देवा.

लहानू : रागानं लाल. तुमचा पाटील द्रौपदीले म्हनते ना, 'अये, उतर खाली'? तं खरा पाटील म्हने, 'हे खोटं हाय. मी असं बोललो नोतो.'

वासुदेवराव : आणि कवळीबद्दल?

लहानू : कवळीबद्दल काईच नाई. म्हने, 'मी म्हटलं होतं, धुरपताबाई, एवढं काम करा. मानसं ओळखतो मी. नाटकवाल्यानं बदनामी केली माही.'

वासुदेवराव : धुरपताबाई, खरंच असं म्हणाले होते ते?

धुरपता : दात नोते, मास्तर. फु फु करे नुसता. काय म्हटलं, देव जाने अन् पाटील जाने.

वासुदेवराव : मग तुम्ही सांगितलं नाहीत सगळ्यांना?

धुरपता : सांगतलं ना. मी बी उभी राह्यली. म्हटलं, हाव, पाटील खरं सांगून राह्यले. बाईच म्हटलं होतं मले, अन् 'करा' म्हटलं होतं. सगळ्यायनं आयकलं.

लहानू : पाटील खूश होऊन बसला. शेवटी टाळ्या बी वाजवल्या.

वासुदेवराव : अहो, पण नीट बोलण्याचं खोटंच श्रेय तुम्ही त्यांना देऊन टाकलंत. यातून काय मिळालं?

धुरपता : चहा घ्या, निवून राह्यला. आज सकाळी पाटील बैल घेऊन आला विहिरीवर. मी घागर भरून राह्यली होती. म्हने, 'धुरपताबाई, जरा सरका.'

वासुदेवराव : मग?

धुरपता : सरकली थोडीशी.