एकशे ब्याऐंशी होकार

मायबापहो, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. विचारणं आणि विचारल्यासारखं करणं, यात फरक काय? सोपं वाटतं ना? पेटीवाले तर हसले! थांबा, थोड्या वेळानं बघू कोण हसतंय.

तर मंडळी, ऐका. खैरगाव नावाचं एक गाव. बेताचंच गाव, पण शाळा दहावीपर्यंत! शाळा चालवायची एक धर्मादाय संस्था. संस्थेचे विश्वस्त सात, आणि सातही तहहयात. म्हणजे कसं? एकदा बसला की बसला! बाप गेला की तेराव्याला मुलगा त्या खुर्चीवर. शाळेत शिकतात कुणाची पोरं? गावाची. आणि कारभार कुणाचा? सात खुर्च्यांचा!

संस्थेचे अध्यक्ष होते मनोहरगुरुजी कोठीकर. चाळीस वर्षं त्याच शाळेत शिकवलेलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की अजूनही बाजारात "कोण बोलतंय रे?" म्हणाले तर भाजीवाल्या गप्प होतात! या गुरुजींच्या मनानं एक घेतलं. जायच्या आधी शाळा पालकांच्या हाती द्यायची. संस्थेची घटना बदलायची. सातांतले चार विश्वस्त पालकांनी निवडायचे, दर तीन वर्षांनी. म्हणजे स्वतःची खुर्चीही सोडायची! अहो, लग्नाच्या पंगतीत धरलेली जागा आपण सोडत नाही, रुमाल टाकून ठेवतो!

तिघे विश्वस्त विरोधात. ते म्हणाले, "पालकांना हवंय का पण हे? आधी त्यांचं मत घेऊन या. पंचवीस तारखेच्या सभेत बघू."

गुरुजींनी मसुदा लिहिला, पोरांच्या दप्तरातून घरोघर कागद पाठवले. खाली दोन चौकोन, संमत आणि असंमत, आणि सहीची जागा. आठ दिवसांत कागद परत आले. किती? एकशे ब्याऐंशी! संमत किती? एकशे ब्याऐंशी! संस्थेचे चिटणीस रमणशेठ गठ्ठा छातीशी धरून नाचायचेच बाकी होते. "गुरुजी, एकही नकार नाही! गड जिंकला!"

गुरुजींचे डोळे भरून आले. त्या आनंदातच पिठाच्या गिरणीवर गेले. तिथं होती कौसाबाई वाकचौरे. विड्या वळून घर चालवणारी, पोरगी सातवीत. गुरुजी म्हणाले, "कौसाबाई, सही केलीत. फार बरं वाटलं हो."

"मंग काय गुरुजी! पाठवायचीच पोरीला. बघू दे धरण! पण डबा द्यायचा, का जेवण तिकडंच?"

कसलं धरण? कसला डबा? मंडळी, त्याच आठवड्यात सहलीच्या परवानगीचेही कागद दप्तरातून आले होते! पोरगी म्हणाली, आई, इथं सही कर, इथंही कर. आईनं केली. मायबापहो, खरं सांगा, लेकरानं बोट ठेवलं तिथं सही न करणारी आई या मांडवात आहे का?

गुरुजींनी गिरणीत आणखी तिघांना विचारलं. एकाला वाटलं खिचडीचं काहीतरी. एक म्हणाला, "बायकोनं केली, तिलाच म्हाईत." आणि एक म्हातारा आजोबा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही धाडलं म्हंजे बरंच असणार की. वाचायचं काय त्यात?"

हे शेवटचं लागलं बघा. काळजात लागलं. दळण तसंच ठेवून गुरुजी परतले.

रमणशेठ म्हणाले, "अहो, सही ती सही! कुणी जबरदस्ती केली का? आणि पुन्हा विचारायला गेलात नि तीस-चाळीस नकार आले, तर ते तिघे टपूनच बसलेत. ठराव पडला की पुन्हा वर्षभर आणता येत नाही. तुमचं वय काय, गुरुजी?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग?"

गुरुजी म्हणाले, "रमण, एकही नकार नाही, तिथंच मला कळायला हवं होतं रे. चाळीस वर्षं वर्ग घेतला. 'समजलं का?' विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात 'हो गुरुजी' म्हणतो ना, तेव्हा कुणालाच समजलेलं नसतं! ते कागद बाजूला ठेव."

घ्या! हातात आलेलं यश, आयुष्यभराचं, आणि म्हणतो बाजूला ठेव!

माझी आपली एक मोडकी ओवी आहे, टाळकऱ्यांनी सांभाळून घ्यावी—

*न पुसता जो देई । तोही हिरावून घेई ।*
*पुसोनि जो ऐके । तोचि दाता ॥*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुरुजी विडीवाल्या बायांच्या गल्लीत हजर! बाया ओट्यावर ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. हात कामात, कान मोकळे. यापरीस चांगली सभा कुठं मिळणार? गुरुजी पोत्यावर बसले आणि मसुदा वाचू लागले. "सदर न्यासाच्या व्यवस्थापनाकरिता..."

एक बाई म्हणाली, "गुरुजी, मराठीत नाय का?"

असा हशा पिकला! गुरुजीही हसले. कागद मांडीखाली घातला आणि सांगायला लागले, आपण शेजारणीला सांगतो तसं. खुर्च्या किती, कुणाच्या, आता कुणाच्या होणार. बाया विचारू लागल्या. आणि बोलता बोलता गुरुजी नवव्या कलमाला आले. ते त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेनं घातलेलं! "पालकांचा प्रतिनिधी मात्र किमान दहावी पास हवा."

कौसाबाईचे हात थांबले. "मंग या गल्लीतलं कोण?"

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे गुरुजी, माझी पोरगी तुमच्या शाळेत बसते, पण मी तुमच्या कागदात बसत नाय. पोर कुठल्या मास्तरला भितं, कुठल्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून खोटं रडतं, हे मला कळतं. त्याला धाव्वी लागते व्हय?"

शेजारीण कुजबुजली, "कौसे, गुरुजींना उलट बोलतीस!"

"इचारायला आलेत ना? मंग बोलायचं का चहा पाजून वाटंला लावायचं?"

मंडळी, गुरुजींनी काय करावं? रागवावं? त्यांच्या एका 'गप्प बस'वर गल्ली गप्प झाली असती. पण गुरुजींनी मांडीखालचा कागद बाहेर काढला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं, कौसाबाई. आज शिकलो." आणि सगळ्यांसमोर नवव्या कलमावर आडवी रेघ मारली!

मग बारा दिवस हेच. वीटभट्टीवर, दूध डेअरीच्या रांगेत, सलूनच्या बाकड्यावर. गुडघे सुजले, पण एकशे ब्याऐंशी घरं झाली. या खेपेला होकार एकशे एक्कावन्न, नकार एकतीस!

पंचवीस तारीख. विरोधक खूश! "बघा, एकतीस पालकांना नकोय!"

गुरुजी उठले. "हो, एकतीस. आणि प्रत्येकाचं का नको, ते मला तोंडपाठ आहे." आणि एकेक सांगितलं. कुणाला शाळेत राजकारण शिरेल अशी भीती, त्यावर पक्षाचा पदाधिकारी नको असं कलम घातलं होतं. कुणाचं म्हणणं, सभा दुपारी ठेवाल तर आमचा रोज बुडेल, म्हणून सभा रविवारी. काहींची शंका मिटलेली नव्हती. तेही सांगितलं, लपवलं नाही! शेवटी म्हणाले, "आता तुम्ही सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी एकतीस घरचा नकार ऐकून घेतलाय?"

मतदान पुकारलं. हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं चार, विरुद्ध तीन. आणि तो चौथा हात कुणाचा? मनोहरगुरुजींचा! ज्यानं त्यांची खुर्ची गेली, तोच!

आता माझ्याकडं बघा, इकडंतिकडं नको. परवा एका घरी लेकीचं लग्न ठरलं. मी विचारलं, पोरीला विचारलंत का? म्हणाले, "विचारलं की ताई, काही बोलली नाही." अहो, पाहुणे ओट्यावर, पेढा तोंडात, आणि तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून विचारलंत! त्याला विचारणं म्हणत नाहीत. त्याला कळवणं म्हणतात! शेत विकताना धाकट्याला विचारलंत, कसं? सहीची जागा दाखवून! आईला मोठ्याकडं ठेवायची का धाकट्याकडं ठरवलंत, आईला विचारलंत?

आता पेटीवाले हसत नाहीत!

जा, आज घरी गेलात की एकाला तरी खरं विचारा. त्याच्या कामाच्या वेळेला, त्याच्या ओट्यावर, त्याच्या भाषेत. आणि "नाही" आलं, तर ताट सारून उठू नका. देवाकडं एवढंच मागते, आपलं माणूस 'नाही' म्हणालं तरी त्याच्याजवळ बसून राहायचं बळ दे. तुम्हांला दे, आणि मलाही दे. धरा टाळ!