पाळणा नाही, कॅनडा

हैफा : पुरे, उम्मी, पुरे! माझं वाक्य तरी संपू द्यायचं होतं. तुमची आनंदाची लूलूलू ऐकून अख्खी गल्ली जमा होईल आता!

उम्मी : मग मी काय समजायचं? सून मोबाइल छातीशी धरून स्वयंपाकघरात गिरक्या घेते, 'आलं, उम्मी, आलं!' म्हणून रडते. लग्नाला सहा वर्षं झाली तुमच्या. मला वाटलं, झाले एकदाची आजी!

हैफा : बोलावणं आलं, बोलावणं!

उम्मी : कुणाच्या लग्नाचं?

हैफा : कॅनडाचं!

उम्मी : या रब्बी, देवा रे! आणि ती शेजारची सईदा खालून विचारतेय, कितवा महिना म्हणून. थांब. (खिडकीतून) नाही गं सईदा! पाळणा नाही, कॅनडा! ... कॅनडा, कॅनडा! ... अगं नाही, बाळाचं नाव नाही ते!

हैफा : हसवू नका हो, मला नीट सांगू तरी द्या.

उम्मी : बस इथे. डायलिसिसच्या वॉर्डात दिवसभर सुया टोचतेस, आणि घरी येऊन गिरक्या घेतेस! आता मला कळेल असं सांग. माझा गाझी दोन वर्षं नुसतं 'हौद, हौद' करतोय. मला वाटायचं, माशांचं काहीतरी आहे. बंदरावरच्या शीतगृहात इंजिनिअर आहे, म्हटलं असेल.

हैफा : माशांसारखंच आहे ते. ज्यांना जायचंय त्या सगळ्यांची नावं एका हौदात. प्रत्येकाला गुण. वयाचे, शिक्षणाचे, भाषेचे, नोकरीतल्या वर्षांचे. मग मधूनच तिकडचं सरकार फेरी काढतं. आज इतक्यांना बोलावतो म्हणतं. सगळ्यात जास्त गुणवाल्यापासून मोजत खाली यायचं, माणसं भरली की थांबायचं. शेवटच्या माणसाचे जितके गुण, ती त्या दिवसाची रेषा. वर असलात तर बोलावणं, खाली असलात तर पोहत राहा पुढच्या फेरीपर्यंत.

उम्मी : पोहून पोहून म्हातारं व्हायचं की!

हैफा : तेच तर! तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण कमी होतात.

उम्मी : अच्छा, म्हणून! मी बदामाचा एवढा मोठा केक केला, आणि हा मेला त्याच्याकडे बघून सुतकात बसल्यासारखा बसला. जाऊ दे! आज आलं ना नाव? माझ्या लेकाचं!

हैफा : उम्मी... मघाशी तेच वाक्य संपवायचं होतं मला.

गाझी : दार सताड उघडं, आणि जिन्यात सईदाने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले! कॅनडा म्हणाली. खरंय? हैफा? आपला नंबर लागला?

उम्मी : मी कांदा चिरते.

गाझी : मुद्दा असा आहे, की रेषा खाली येणारच होती! मी म्हणत नव्हतो? शुद्ध गणित आहे ते! उम्मी, सोड तो कांदा. नाच माझ्याबरोबर!

उम्मी : अरे, हातातला मासा खाली ठेव आधी! माझ्या झग्यावर पाणी गळतंय!

हैफा : गाझी. तुझी फेरी नव्हती आज.

गाझी : म्हणजे?

हैफा : फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी फेरी होती. तिची रेषा खूप खाली असते. त्यात माझं नाव आलंय.

गाझी : तुझं कसं येईल? तू माझ्या अर्जात आहेस. 'सोबत येणारी पत्नी.'

हैफा : हिवाळ्यात मी फ्रेंचची परीक्षा देऊन माझा वेगळा टाकला. नवरा-बायकोंनी दोन टाकले तरी चालतात. त्यात तू आहेस. 'सोबत येणारा पती.'

गाझी : मला न सांगता?

हैफा : सांगणारच होते. पण तुझा फ्रेंचचा निकाल आला आणि तू आठवडाभर भिंतीशी बोलत होतास.

गाझी : त्या परीक्षेचं नाव काढू नकोस. जन्मभर फ्रेंचमध्ये शिकलोय मी!

हैफा : बोलणं उत्तम, वाचन उत्तम, ऐकणं उत्तम. लेखनात आपटलास. आणि चारही जमल्याशिवाय त्या फेरीत घेत नाहीत.

गाझी : प्रश्नच चुकीचा होता! 'शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार करा.' आपल्या शेजाऱ्यांकडे कुत्रा नाही!

हैफा : आणि तू तेच लिहून आलास. 'महोदय, कुत्रा नाही.'

उम्मी : हे लिहिलंस? परीक्षेत? अरे देवा, माझं पोट दुखलं हसून!

गाझी : हसा दोघी. दोन वर्षं, हैफा. प्रत्येक फेरीला रेषा माझ्या डोक्यावरून गेली आणि मी दुसऱ्या दिवशी शीतगृहात जाऊन बर्फाची यंत्रं दुरुस्त केली. आता काय सांगू तिथं? बायकोच्या सामानात निघालोय म्हणून?

हैफा : मग नाही म्हणते. हे बघ, इथे बटण आहे नकाराचं. एकदा दाबलं की संपलं. दाबू?

उम्मी : खबरदार!

हैफा : त्याला विचारतेय, उम्मी. बोल, गाझी. तू नसशील तर मला बर्फात जाऊन काय करायचंय?

गाझी : थांब. बोट काढ तिथून. काढ म्हणतो ना! ... किती होते गुण तुझे?

हैफा : रेषेच्या एक वर.

गाझी : एक? फक्त एक?

हैफा : एकच. बघितल्यावर मी वॉर्डातल्या औषधांच्या खोलीत जाऊन उड्या मारल्या.

गाझी : थांब, थांब. मुद्दा असा आहे, की सोबतच्या नवऱ्याचं शिक्षण धरतात ना तुझ्या अर्जात?

हैफा : धरतात. तुझ्या पदवीचे दहा.

गाझी : दहा! उम्मी, ऐकलंस? एक वर होती, त्यात दहा माझे! मी नसतो तर ही नऊने बुडाली असती! बोलाव सईदाला, बोलाव सगळ्यांना!

उम्मी : दहाच? एवढा शिकवला, इंजिनिअर केला, तो दहासाठी?

हैफा : इंग्रजीचेही थोडे आहेत त्याचे.

गाझी : बघ! मी सामान नाही, पाया आहे पाया! ये इकडे, गिरकी घे. अगं, मासा नाहीये आता हातात!

हैफा : सोड, सोड, पडेन मी! वेडा झालाय हा, उम्मी!

उम्मी : आणि माझे किती?

गाझी : काय किती?

उम्मी : गुण. आईचे.

हैफा : आईचे... नसतात, उम्मी.

उम्मी : बरं. नसू देत.

गाझी : नंतर बोलावता येतं आईला. भेटायला, राहायला. मी सगळं शोधून काढतो, आजच.

उम्मी : काढ सावकाश. आधी तो मासा साफ कर. हैफा, तिकडे कामावरून घरी येऊन मला फोन करशील तेव्हा इथं काय वेळ असेल?

हैफा : मध्यरात्र होईल इथं, उम्मी.

उम्मी : हरकत नाही. मी दुपारी झोपत जाईन.