मौनराजाला तोंड नाही

…आणि वर बरोबरचे नट मलाच म्हणतात, "इसोगाईसाहेब, तुमचं बरं आहे हो, तुम्हाला तोंड जुळवावं लागत नाही!" आता तुम्हाला सांगतो, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणं म्हणतात ते हेच. आमच्या धंद्यात काय असतं, पडद्यावर चित्रातल्या माणसाचं तोंड उघडतं, मिटतं, त्याबरहुकूम आपण माइकसमोर उभं राहून आवाज भरायचा. त्याचं मिटलं की आपलं मिटायचं. बाकीचे सगळे बिचारे मांजर उंदरावर टपतं तसे त्या तोंडावर टपलेले असतात. मी? मी कुठेही सुरू करावं, कुठेही थांबावं. कारण मी मौनराज! पत्ते टाकून लढायच्या त्या सप्तरंगी कार्टून मालिकेतला खलनायक. पायघोळ काळा झगा, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढराफटक मुखवटा. मला तोंडच नाही ना!

आता नाव मौनराज म्हटल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? छे! आमच्याकडे चित्रं जन्मात वेळेवर होत नाहीत. रेन्ता, म्हणजे आमचा अकरा वर्षांचा नायक, तो बोलणार तर तोंड काढा, डोळे काढा, ते वाऱ्यावर उडणारे केस काढा… चित्रकार पोरं टेबलाखाली झोपतात आणि उठून पुन्हा केस काढायला बसतात. मग आमचे दिग्दर्शक निवासाहेब मान खाजवत येतात, "इसोगाईसाहेब, या वेळी मौनराजाला जरा जास्त बोलायचंय…" जरा! रेन्ताने एक पत्ता टाकला, की मी त्या पत्त्याचे गुण सांगणार, मग माझ्या पत्त्याचे गुण सांगणार, मग माझ्या पत्त्यामुळे त्याच्या पत्त्याची कशी वाट लागणार ते सांगणार, आणि मग हसणार. चित्र एकच. मुखवटा. फार तर झगा हलतो, तोही एकाच बाजूला.

बरं, हा मौनराज आहे कोण? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं हो. निवासाहेब म्हणाले, "ते अजून ठरायचंय. सध्या असं बोला, की कुणीही निघाला तरी चालेल." कुणीही! म्हणजे रेन्ताचा मेलेला बाप निघाला तर आवाजात माया हवी, हरवलेला भाऊ निघाला तर मत्सर हवा, शाळेतला मास्तर निघाला तर शिस्त हवी. तुम्ही कधी मायेनं, मत्सरानं आणि शिस्तीनं, एकाच दमात, "तुझा सर्वनाश होवो" म्हणून बघितलंय? घरी जाऊन म्हणून बघा.

तेही सोसलं. पण नाव? शेवटच्या गाण्यावर पात्र, आणि त्यापुढे आवाज देणाऱ्याचं नाव, अशी सगळ्यांची नावं वर सरकतात… रेन्ता, शिओमी कानाए. अमका, तमका. आणि मौनराजापुढे? तीन प्रश्नचिन्हं! का, तर नावावरून पोरं ओळखतील म्हणे. मला! ज्याला वीस वर्षं केस कापणारा न्हावी ओळखत नाही, त्याला! आणि वर ताकीद, की मुखवटा उतरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. घरच्यांजवळसुद्धा नाही.

घरचं म्हणजे माझी आई. अकितात असते, तिथल्या त्या कमरेएवढ्या बर्फात, एकटी, ऐंशी उलटलेली. "मी त्या मालिकेत काम करतो" एवढंच तिला सांगायची मुभा. तर दर रविवारी सकाळी ही बाई टेबलाखालच्या शेगडीच्या उबेत पाय घालून, हातात भिंग घेऊन बसते आणि ती पळणारी नावं वाचते. मग फोन. "तोकु, आजही नाही आलं रे नाव." म्हटलं, येईल. "मग तो रेन्ताचा कुत्रा तूच ना? छान भुंकतोस हो. शेजारच्या सातोबाईंना मी सांगितलंय." आता मी काय सांगू? आणि मौनराजाबद्दल तिचं मत विचाराल तर, "तो मेला मुखवटेवाला, केवढा घसा खरवडतो! त्याला कुणी आईबिई नाही का? मधात मुरवलेला मुळा तरी द्या म्हणावं त्याला." पोटची आई, आणि पोराचा आवाज ओळखू नये! पण ओळखणार तरी कशी… मला तोंडच नाही ना!

हसता काय? मला वाईट वाटायचं हो. मी नाटकात जातो म्हटल्यावर वडील तांदळाच्या गोदामात चिकटवायला निघाले होते, तेव्हा हीच म्हणाली होती, "तू जा, यांचं मी बघते." तेव्हापासून गाव तिला विचारतं, तुमचा तोकु टोकियोत करतो तरी काय? तिला बाकी काही नको होतं. पडद्यावर एकदा माझं नाव दिसावं, आणि ते तिचे डोळे आहेत तोवर दिसावं.

तर तीन वर्षांनी एकदाचा मुखवटा उतरायचा मुहूर्त लागला. पोट गुरगुरू नये म्हणून भाताचा लाडू खाऊन गेलो, कारण माइकसारखा चहाडखोर नाही, पोटात खुट्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून. बसलो, संवादांची पानं उलटली. मौनराज हरतो… मुखवटा गळून पडतो… आणि मुखवट्याआड कोण? रेन्ताची हरवलेली आई! म्हणजे तीन वर्षं मी त्या पोराची आई होतो, आणि मला कुणी सांगितलं नाही! मी, पंचावन्न वर्षांचा मिशाळ माणूस! आणि माझा मुलगा रेन्ता, म्हणजे शिओमीबाई, कारण आमच्याकडे लहान मुलांचे आवाज बायकाच काढतात, त्यांना तर परवा नातू झाला. त्या वळल्या, माझ्याकडे बघितलं, आणि रेन्ताच्या आवाजात म्हणाल्या, "आई, मिशा कधी आल्या?" सगळे खुर्च्यांवरून खाली.

मी नाही हसलो. कारण पुढच्याच ओळीपुढे माझं नाव नव्हतं. तोंड दिसल्यावर बाईचा आवाज नको का? एक मोठ्या नामांकित बाई आल्या, "रेन्ता…" एवढंच म्हणाल्या, सगळ्यांना रडवलं आणि गेल्या. तीन वर्षांची बडबड माझी, आणि तोंड मिळालं ते दुसरीला. निवासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "नाव मात्र या वेळी नक्की येणार." मी लगेच अकिताला फोन. आईने सातोबाईंसकट सगळी आळी बोलावली, चहा केला, मुळ्याचं लोणचं काढलं. रविवार आला. नावं सरकली. आई, अमुकतमुक बाई. मौनराज? नाहीच! म्हणजे आता तर प्रश्नचिन्हंसुद्धा नाहीत. का, तर आता मौनराज म्हणजेच आई, आणि आईच्या पुढे पुरुषाचं नाव बघून पोरांची मनं दुखावतील!

फोन आला. पलीकडे सगळी आळी बसलेली, आणि आई म्हणते, "तोकु, चहाची वाफ आली रे चष्म्यावर. आलं असेल नाव, मलाच दिसलं नसेल." दोष कुणाला, तर चष्म्याला.

दोन दिवसांनी निवासाहेबांचा फोन. आवाज असा, की तिकडे कुणी गेलं की काय वाटावं. "घात झाला. आईचं तोंड काढायला फार वेळ लागतोय. ओठ आहेत, अश्रू आहेत, बटा आहेत. दोन पोरं तापाने आडवी झाली. आणि त्या बाईंना सवड नाही. तेव्हा आम्ही असं ठरवलंय, की आईला मुलाला तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून ती मुखवटा पुन्हा चढवते, आणि लढाई पुन्हा सुरू." म्हटलं, आणि आवाज? "मुखवट्यातून यायचा तसाच येईल ना!"

म्हणजे पुन्हा मी! पण आता आई म्हणून! संवाद काय, तर "काळ्या अजगरा, ओक ज्वाळा, या पोराची राख कर! …आणि रेन्ता, मोजे ओले असले तर तिथेच वाळवून घे." मी म्हटलं, निवासाहेब, हे म्हणू कसं? म्हणाले, आईसारखं. कुठल्या आईसारखं? म्हणाले, "तुमच्या." मग मी डोळे मिटले आणि अकिताचा फोन कानाला लावल्यासारखा बोलत सुटलो. गळ्याला काही गुंडाळलंस का, पोटात काही घातलंस का, असा घसा का खरवडतोस… कागदावर नव्हतं तेही बोललो. कुणी थांबवलं नाही. कसं थांबवणार? मला तोंडच नाही ना!

त्या रविवारी मी आईला आधी काही सांगितलंच नाही. हात पोळले होते माझे. घरी एकटाच बघत बसलो. नावं सरकली, आणि तिथे, आई, इसोगाई तोकुजी. स्वच्छ. प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. या भागात आईला दुसरा आवाजच नव्हता, नाव टाळतात कसं! फोन लगेच वाजला. "तोकु… दिसलं रे." तिने नाक ओढलं, मीही ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे तो मुखवटेवाला तू?" हो. "आणि त्या रेन्ताची आईही तूच?" हो. "गळ्याला गुंडाळ, पोटात घाल, ते माझंच बोलणं होतं." म्हटलं, हो.

"बरं झालं," म्हणाली, "आता तुला कळेल. जन्मभर बोलत राहायचं, तोंडाकडे कुणी बघत नाही, आणि नाव यायचं ते सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात."

तुम्हाला सांगतो, तीन वर्षांत मौनराज पहिल्यांदा आपल्या नावाला जागला. आमच्या धंद्यात ज्येष्ठ बोलत असताना नवख्याने मध्ये तोंड घालायचं नसतं, आणि आई म्हणून माझा तर तो पहिलाच भाग होता.