मास्तरांनी बाजूला ठेवलेला पेढा

चाळीतल्या मंडळींनो, काळाचौकीच्या या पटांगणात एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी पाहिली नाही. मला बोलायची सवय नाही. तरी उभा राहिलोय. परब मास्तर गेले म्हणून, आणि आणखी एका कारणाने. तेही सांगतो.

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण त्यांना लढायांचं वेड नव्हतं. तहांचं होतं. युद्ध संपल्यावर कोण कुठे बसलं, कागद कोणी लिहिला, हे ते आधी विचारायचे. पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्यांना आरशांच्या महालात बोलावलं ते फक्त सहीपुरतं, हे त्यांनी मला दहादा सांगितलं असेल. "आणि वीस वर्षांत पुन्हा पेटलं, अनंता." आपण हसायचो. दामू तर म्हणायचा, "मास्तर, तुमच्या सहीवाचून अडलंय बघा त्यांचं!"

दामू, मागे बसलायस. तुझ्यासमोरच सांगतो. आपल्या गणपती मंडळात दोन गट पडले, हाणामारी झाली, शेवटी मतदानात दामूचा गट हरला, आमचा जिंकला. आम्ही ठरवलं, दामूने माईकवर माफी मागायची. मास्तर म्हणाले, "मागेल की. आणि मग उट्टं काढायची वाट बघत बसेल." त्यांनी पहिल्या दिवसाची आरती दामूच्या हातात द्यायला लावली. मी चिडलो. "मास्तर, जिंकलं कोण?"

"तुम्ही. म्हणून तर तुमच्याकडे मागतोय."

त्यानंतर आपल्यात कोणी कोणावर हात उगारला नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, माझा सिद्धेश मालवाहू जहाजावर आहे. आखातात युद्ध पेटलं तेव्हा पुढचं जहाज जळताना त्याने पाहिलं. फोनवर म्हणाला, "बाबा, नाकातला वास जात नाही." मी रोज गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालतो. लढाई थांबली, तहाची बोलणी सुरू झाली, तसा मी पेढे घेऊन मास्तरांकडे धावलो. म्हटलं, "आता संपलं ना?" मास्तरांनी पेढा घेतला, पण तोंडात नाही घातला. बाजूला ठेवला. म्हणाले, "कागद वाचल्याशिवाय सांगणार नाही. तह झाला की घेऊन ये."

मंगळवारी मास्तर गेले. तह काल झाला. आजच्या पेपरात सगळी कलमं आलीत. पेपर सकाळपासून या खिशात आहे. उघडायचं धाडस होत नाही. परवा सिद्धेशचं जहाज पुन्हा त्याच वाटेने निघणार. कोणाला माफी मागायला लावली असेल? कोण वाट बघत बसलं असेल? मला वाचता येतं हो. पण मी जिंकलेल्या गटातला. मला सगळी कलमं ठीकच वाटतील.

दामू, सभा संपली की पुढे ये. पेपर तू वाच. कुठे टोचतं ते तुला कळेल. मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. सिद्धेशला फोन मी त्यानंतर करीन.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कोणी बोलू नका.

मास्तर, तह झाला. कागद आणलाय. नमस्कार करतो.